मधू, तो ड्रायव्हर कुठं ठेवायचा ठरला होता?

सर्व नागरिक बंधू-भगिनींना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की पवनी येथील रहिवासी मधुकर यांनी लिहिलेल्या सातशे ओळी आज रोजी बेघर आहेत. सदर ओळी सुस्वभावी असून कोणालाही त्रास देत नाहीत. त्यांना कोणत्या खोलीत ठेवायचे याचा निर्णय त्यांच्या मालकांनी घेतलेला होता. परंतु तो जाहीर करण्यापूर्वीच मालक निघून गेले. तरी ज्यांना या निर्णयाची माहिती असेल त्यांनी ताबडतोब संपर्क साधावा.

ही ॲनाउन्समेंट, मधू, मी काल खरंच कागदावर उतरवली. ऑटोत बसलो, माइक हातात घेतला, फुंकर मारली, "हॅलो, हॅलो" केलं आणि बंद केला. सांगणार कोणाला? माहिती असणारा माणूस एकच होता, आणि त्याची ॲनाउन्समेंट मी बारा दिवसांपूर्वीच करून आलोय.

पंचवीस वर्षं मी या गावात ऑटोवरच्या दोन भोंग्यांतून साड्यांचे सेल, नाटकांचे प्रयोग, हरवलेल्या म्हशी आणि माणसांचे मृत्यू सांगत आलो. तू म्हणायचास, "आकाशवाणी, तुझ्या आवाजात सेल अन् मयत सारखीच ऐकू येते बे." मी म्हणायचो, मी झाडीपट्टीच्या नाटकात वीस वर्षं खलनायक केलाय, माझा आवाज एकाच कामासाठी घडलाय. मग तू माझा ॲम्प्लिफायर उघडायचास, त्यातली धूळ फुंकायचास आणि तुझ्या त्या चिपचं पुराण लावायचास. मला त्यातलं चार आणेसुद्धा कळत नव्हतं. पण तुझ्या घरी चहा चांगला मिळायचा, आणि न कळणाऱ्या गोष्टीवर भांडण्यात जी मजा आहे ती कळणाऱ्या गोष्टीवर नाही.

आता मी हे लिहितोय, आणि वाचणाऱ्यांना तरी ती चिप काय होती हे सांगायला हवं. चुकलो तर तू दुरुस्त करशील, या सवयीने लिहितोय. ती सवय अजून मोडलेली नाही.

तर, चिंचोक्याएवढी एक चिप. तुझ्या तलावाच्या पेटीत बसणारी. ती पेटी पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या भिंतीवर, खांबाला लावायची. तलावाचं पाणी धोक्याच्या खुणेला लागलं की भोंगा वाजायचा आणि खालच्या धानाच्या बांधातली माणसं सावध व्हायची. पहिली पेटी तू तुझ्या सासुरवाडीला, नाकाडोंगरीकडे लावलीस. त्या चिंचोक्याला कामं चार. सोलरवरून बॅटरी भरायची. घड्याळ सांभाळायचं. पेटीतला मुख्य कॉम्प्युटर गोठून बसला तर त्याला धक्का देऊन उठवायचं. आणि पाण्याची खूण बघून भोंगा वाजवायचा. या चिपशी कसं बोलायचं हे कॉम्प्युटरला सांगणाऱ्या ओळी म्हणजे ड्रायव्हर. आणि तो ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातल्या मुख्य कारभाऱ्यामध्ये, कायमचा जावा ही तुझी इच्छा.

तो कर्नेल सगळ्या जगातली माणसं मिळून लिहितात, हे तू मला पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी हसलो होतो. इथे आमच्या नाटकमंडळीत बारा माणसं मिळून एक पडदा सरळ बांधू शकत नाहीत.

"अन् त्यात खोल्या असतात," तू म्हणालास. "घड्याळांची खोली वेगळी. बॅटऱ्यांची वेगळी. प्रत्येक खोलीवर एक साहेब. त्याने हो म्हटल्याशिवाय एक ओळ आत जात नाही."

"मग तुझी चिप कोणत्या खोलीतली?"

तू चहाचा कप खाली ठेवलास. इतका आनंदी चेहरा मी तुझ्या लग्नातही पाहिला नव्हता.

"तेच तं विचारून राहिलो ना मी दोन महिन्यांपासून!"

तिथून दोन वर्षं गेली, मधू. दोन वर्षं मी, मॅट्रिकला इंग्रजीत कसाबसा निघालेला माणूस, जगाच्या कुठल्या तरी टोकाच्या साहेबांची पत्रं तुझ्या ओट्यावर खलनायकाच्या आवाजात वाचून दाखवत होतो.

कर्नेलमध्ये बहुउद्देशी चिपांसाठीही एक खोली आहे. तू सातशेच्या सातशे ओळी तिथे पाठवल्यास. त्या खोलीच्या साहेबांचं उत्तर आलं: ही खोली म्हणजे अडगळ नाही. इथे फक्त चारही कामांना लागणारा सामाईक भाग राहील. घड्याळाचं घड्याळवाल्यांकडे द्या, बॅटरीचं बॅटरीवाल्यांकडे, बाकीचं ज्याचं त्याच्याकडे. मी ते पत्र इतक्या दुष्टपणे वाचलं की शालूवहिनी आतून धावत आल्या.

"कोण शिव्या देऊन राहिलं जी यांना?"

"शिव्या नाही वहिनी," मी म्हणालो. "म्हणते, एका घरात चार भाऊ राहू शकत नाहीत. वाटण्या करा."

वहिनी तांदूळ निवडत होत्या. सूप हातातच होतं. तू त्यांना सगळं पुन्हा समजावलंस. मला वाटलं, गेली संध्याकाळ. पण वहिनींनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आमच्या बाबांच्या घरी ट्रॅक्टर एकच हाये. त्यालेच नांगर लावतेत, त्यालेच थ्रेशर, त्यावरच पंप. पण ठेवतेत काय सगळं एकाच जागी? नांगर गोठ्यामागं, थ्रेशर खळ्यावर, पंप विहिरीजवळ. ट्रॅक्टर तेवढा अंगणात."

"अन् दोघं एकाच वेळी ट्रॅक्टर मागाले आले तं?" तू विचारलंस. तुझे डोळे चमकत होते.

"तं बाबा अंगणात उभे राहून सांगतेत, आज कोणाचा नंबर. त्यांले तेवढंच काम."

तू उठून उभा राहिलास. "हेच! साहेब हेच म्हणून राहिले! अंगणात फक्त बाबा पाहिजे! बाकी सगळं आपापल्या जागी!"

मला मात्र हे पटलं नाही. खरं सांगायचं तर कळलंही नाही, पण न पटायला कळावं लागतं असं कुठे आहे? मी म्हणालो, "अन् उद्या बाबा गेले, ट्रॅक्टर गेला, मग? गोठ्यामागचा नांगर कोणत्या ट्रॅक्टरचा हे कोणाले कळन? एका जागी ठेव सगळं. पाहणाऱ्याले समजते का हे एकाच घरचं हाये."

तू मला उत्तर दिलंस ते मला आता आठवतं, तेव्हा मी ऐकलं नव्हतं. तू म्हणालास, "उद्या जगातल्या सगळ्या घड्याळांमधी एखादी गोष्ट बदलवायची झाली, तं घड्याळवाले आपल्या खोलीतली घड्याळं एकामागून एक दुरुस्त करत जातेत. माझं घड्याळ त्या खोलीत असलं तं तेही दुरुस्त होते. ते दुसऱ्याच्या घरात लपलेलं असलं तं कोण शोधाले जाते?"

मी म्हणालो, "चहा थंड होऊन राहिला."

तू चार तुकडे केलेस. चार साहेबांना पाठवलेस. घड्याळवाले म्हणाले, ठीक. भोंग्याच्या खोलीचेही म्हणाले, ठीक. गोठलेल्या कॉम्प्युटरला उठवणाऱ्या खोलीचे म्हणाले, ठीक, पण या तीन ओळी सुधारा. बॅटरीवाले चार महिने काहीच बोलले नाहीत. आणि मग एक नवेच साहेब मध्ये आले. म्हणाले, ही चिप तुमच्या एकाच पेटीत आहे, जगात दुसरं कोणी ती वापरत नाही, कशाला चार खोल्यांना त्रास देता? एखाद्या पेटीपुरत्या खास गोष्टींची वेगळी खोली आहे, सगळंच्या सगळं तिथे ठेवा.

मधू, ते पत्र वाचताना मी खलनायक सोडून नायक झालो. "पाह्य! पाह्य बे! साहेब माझंच म्हणून राहिले!" मी ओट्यावर उभा राहून हात जोडून त्या साहेबांना, ते जिथे असतील त्या दिशेला, नमस्कार केला. तू डोकं धरून बसलास.

"दोघंही बरोबर हायेत ना आकाशवाणी," तू म्हणालास. "हाच तं लोचा हाये."

आणि आता आपली शेवटची संध्याकाळ. तिच्याबद्दल लिहिण्यासाठीच मी हे लिहायला बसलो आणि इतका वेळ ट्रॅक्टर फिरवत बसलो.

बहुउद्देशी खोलीच्या साहेबांनी शेवटचं विचारलं होतं: एक खोली की चार? तुम्हीच ठरवा, आणि पुढची प्रत पाठवा. तू आठवडाभर घोळवत होतास. त्या संध्याकाळी माझा दिवस वाईट गेला होता. एका नाटकाचा प्रयोग रद्द झाला होता आणि ते मला गावभर सांगत फिरावं लागलं होतं. तू ॲम्प्लिफायर उघडलास आणि तुझं सुरू झालं: एका खोलीत ठेवलं तर हे, चार खोल्यांत ठेवलं तर ते. मी ओरडलो. मनापासून ओरडलो, नाटकातलं नाही.

"टाक नं बे कुठंही! कोणाले फरक पडते?"

तू स्क्रू फिरवत राहिलास. मग शांतपणे म्हणालास, "मी हाये तोपर्यंत नाही पडत. बाहेर असला ड्रायव्हर तं दर नव्या कर्नेलले मी हात लावून देतो. पण मी नसलो का फरक पडते. आतमधी असला तं कोणीतरी सांभाळते. चुकीच्या खोलीत असला तं आत असूनही कोणी सांभाळत नाही. अन् मग एखाद्या पावसात पेटी बोंबलत नाही."

मी ॲम्प्लिफायर उचलला, ऑटोत ठेवला. सॉरी म्हणण्याइतका मी चांगला नट नव्हतो. ऑटो सुरू केला तेव्हा तू फाटकापर्यंत आलास, हातात स्क्रू ड्रायव्हर, आणि म्हणालास, "ठरलं बे. उद्या सांगतो."

त्या उद्याच्या सकाळी श्रुतीचा फोन आला. तुझी मुलगी फोनवर नुसती "काका" म्हणाली, आणि मला कळलं.

तू काय ठरवलं होतंस, मधू?

मी माझ्या कामातली एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. मयतीची ॲनाउन्समेंट करताना माणसाच्या नावाआधी त्याची एक ओळख सांगावी लागते. किराणावाले, मास्तर, पोलीस पाटील. एकच. ऑटो चालू असतो, घरातला माणूस दारापर्यंत येईस्तोवर आपण पुढच्या वळणावर असतो, तेवढ्यात त्याला कळलं पाहिजे कोण गेलं. पंचवीस वर्षांत मी कधी अडलो नाही. तुझ्या वेळी मी ऑटोत बसलो, "कळविण्यास अत्यंत दुःख होते की" म्हणालो, आणि पुढे शब्दच नाही. ड्रायव्हर लिहिणारे म्हटलं असतं तर अर्धं गाव एखादा ट्रकवाला गेला म्हणून आलं नसतं.

मग बाजारात गेलो तेव्हा आपोआप तोंडातून निघालं, "रेडिओवाले मधुभाऊ." तिथे तुझ्या वडिलांचं दुकान होतं, तिथले लोक तुला तेवढंच ओळखतात. शाळेच्या बाजूला गेलो तर "कॉम्प्युटरवाले सर" निघालं, कारण तू तिथल्या पोरींना शिकवायचास; नाव मात्र पुन्हा घेता आलं नाही. धानाच्या गिरणीपाशी शेतकरी उभे होते, तिथे "तलावाच्या भोंग्यावाले भाऊ." आणि आपल्या आळीत आलो तेव्हा "भजनातले पेटीवाले काका" एवढंच म्हणता आलं, आणि आवाज फुटला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या भोंग्यातून मयत ही मयतीसारखी ऐकू आली. तू ऐकायला हवं होतंस.

त्या दिवशी घाटावर काय झालं ते मी सांगणार आहे. आधी श्रुतीचं सांगतो.

पाचव्या दिवशी तिने मला आत बोलावलं. तुझा लॅपटॉप उघडा होता. साहेबांना तिने कळवलं होतं की बाबा गेले. साहेबांनी फार सभ्यपणे उत्तर दिलं होतं. मी ते खलनायकाच्या आवाजात वाचू शकलो नाही. त्यांनी लिहिलं होतं की या कामाबद्दल त्यांना आदर आहे, आणि कुटुंबातलं कोणी शेवटची प्रत पाठवणार असेल तर ते वाट बघतील.

"काका," श्रुती म्हणाली, "दोन फोल्डर आहेत. एकाचं नाव 'एक खोली'. दुसऱ्याचं 'चार खोल्या'. दोन्ही पूर्ण आहेत. दोन्ही त्याच संध्याकाळचे."

मी पाहिलं. मला त्यात काय कळणार? पण दोन्ही होते.

"बाबा शेवटचे तुमच्यासंगच बोलले," ती म्हणाली. "काय ठरलं होतं?"

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

मी तुला खरं सांगतो, मधू, कारण आता खोटं बोलून काय मिळणार. "एक खोली" हे शब्द माझ्या जिभेवर होते. दोन वर्षांचं भांडण होतं ते, आणि समोरचा माणूस उत्तर द्यायला नव्हता. मी नुसतं तोंड उघडायचं होतं. इतकं सोपं भांडण मी आयुष्यात कधी जिंकलं नसतं. आणि तू कदाचित तेच ठरवलंही असशील! हेच तर मला छळतंय. फाटकाशी तू हसत होतास. माझं मानलंस म्हणून हसत होतास, की मी किती चुकीचा आहे हे उद्या पटवून देणार म्हणून हसत होतास? मी तो चेहरा दिवसातून दहा वेळा आठवून पाहतो. दर वेळी वेगळं दिसतं.

मी म्हणालो, "मले नाही माहीत, बाई. तो म्हणाला, उद्या सांगतो."

श्रुतीने डोळे मिटले. तिला वाटलं होतं माझ्याकडे उत्तर असेल. आणि तिच्या त्या चेहऱ्याकडे बघून, काहीतरी बोलायलाच हवं म्हणून, मी तिला घाटावरची गोष्ट सांगितली. बायका तेव्हा घरी होत्या, तिला ती माहीत नव्हती.

ती आधी हसली. मग रडली. वहिनी मात्र रडता रडता हसल्या. आणि मग श्रुतीने नाक पुसलं आणि "चार खोल्या" उघडला. वर फक्त एवढंच लिहिलं की हे माझ्या वडिलांचं काम आहे, सामाईक भाग एकीकडे आणि चार कामं आपापल्या खोलीत. पाठवून दिलं. मी थांब म्हणालो नाही. दोन वर्षं ज्याच्या विरुद्ध भांडलो ते माझ्या डोळ्यांसमोर गेलं, आणि मी बघत राहिलो.

साहेबांचं उत्तर अजून आलेलं नाही. बॅटरीवाले पुन्हा चार महिने गप्प बसतील. बरोबर झालं की चूक, मला खरंच कळत नाही. तुझ्यामुळे मला न कळण्याची गोडी लागली, मधू, आणि आता ते एकट्याने करावं लागतंय. माझा ॲम्प्लिफायर परवापासून खरखर करतोय. मी तो उघडलेला नाही.

आता घाटावरचं. त्या दिवशी तू तिथे होतास, पण ऐकण्याच्या स्थितीत नव्हतास.

वैनगंगेवर माणसं जमत गेली. मी कधी कोणाच्या मयतीला एवढी पाहिली नाहीत, आणि मी मयती मोजणारा माणूस आहे. बाजारवाले एकीकडे उभे. शाळेतल्या पोरींचे बाप एकीकडे. गिरणीवाले, तलावाकडचे शेतकरी एकीकडे. भजनमंडळ एकीकडे. कोणी कोणाला ओळखत नव्हतं. जो तो हळूच शेजारच्याला विचारायचा, "तुमचे कोण?" भजनातल्या एका म्हाताऱ्याला कॉम्प्युटरचं ऐकून विश्वास बसेना. गिरणीवाल्याला तू पेटी वाजवायचास हे माहीतच नव्हतं. मधोमध तू, आणि चारही बाजूंनी तुझ्याकडे बघणारे, प्रत्येकाला आपलाच माणूस गेलाय असं वाटणारे.

तेवढ्यात सुदामबुवा आले. नदीकाठचे, सत्तरी उलटलेले, सायकल हातात धरून चालत येणारे. सकाळी काही कामासाठी ते बाजारातून शाळेकडे, तिथून गिरणीकडे, तिथून आपल्या आळीतून घराकडे गेले होते, आणि चारही ठिकाणी माझा ऑटो त्यांना भेटला होता. त्यांच्या सायकलच्या हँडलला झेंडूचे हार लटकत होते. मी मोजले. चार.

बुवांनी सायकल लावली. गर्दीतून वाट काढत पुढे आले. तुझ्या तोंडाकडे पाहिलं. मग घाटावर इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, नदीच्या काठाने लांबवर पाहिलं. पुन्हा तुझ्याकडे पाहिलं. मग वळून त्यांनी मला गाठलं, आणि त्या शांततेत, अख्ख्या घाटाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले,

"काय गा बाबू, चार जण गेले म्हून चार हार घेऊन आलो मी, अन् हा तं एकच निघाला!"